नवी मुंबईत फायनल हरलेल्या कोलंबियाच्या मुली पुढे कुठे गेल्या?

डावा_विंगर

२ ऑगस्ट २०२५ची कितोमधली महिलांच्या कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल इथल्या बऱ्याच जणांनी रात्र जागून पाहिली असणार. कोलंबियाच्या बायका तीनदा पुढे गेल्या आणि तिन्ही वेळा ब्राझीलने गाठलं. तिसऱ्यांदा तर भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला, ३९ वर्षांच्या मार्ताने. जादा वेळेत तिनेच ब्राझीलला ४-३ असं पुढे नेलं, मग ११५व्या मिनिटाला लेइसी सान्तोसच्या फ्री किकवर ४-४, आणि शेवटी पेनल्टीवर ५-४ने ब्राझील. २०१०, २०१४, २०२२, २०२५. चार वेळा उपविजेते, चारही वेळा वर ब्राझीलच.

या स्पर्धेवर इथे आधीच पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय त्याच्या खालच्या थराबद्दल, म्हणजे कोलंबियाच्या वयोगटातल्या संघांबद्दल. कारण हा सीनियर संघ क्लबांनी घडवलेला नाही, तो १७ आणि २० वर्षांखालच्या संघांतून वर आलाय, असं माझं मत आहे. आणि त्यातला एक मोठा तुकडा आपल्या डोळ्यांदेखत आपल्याकडेच खेळून गेला.

ऑक्टोबर २०२२, मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या आणि इथल्या पेपरांनी स्पर्धा तिथेच गुंडाळली. त्यामुळे बाकीचं कुणी फारसं वाचलंच नाही. कोलंबिया पहिल्या सामन्यात स्पेनकडून ०-१ हरली, मग चीनला २-०, मेक्सिकोला २-१. गटात पहिली. उपांत्यपूर्व फेरीत टांझानियाला ३-०. उपांत्य फेरीत नायजेरियाशी ०-०, पेनल्टीवर ६-५. आणि ३० ऑक्टोबरला डी. वाय. पाटीलवर फायनल, समोर पुन्हा स्पेन, पुन्हा ०-१.

कोलंबियाच्या कुठल्याही फुटबॉल संघाने, पुरुष असो वा महिला, गाठलेली ही पहिली वर्ल्ड कप फायनल होती. वाल्देरामा, फाल्काओ, हामेस रोद्रिगेझ अशा नामांकित पुरुष खेळाडूंच्या देशाची पहिली फायनल नेरूळला झाली आणि ती खेळल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरी.

तो एकमेव गोल ८२व्या मिनिटाला झाला, आणि तो स्वयंगोल होता. बचावपटू आना मारिया गुझमान, वय १७. आता पुढचं ऐका. नऊ महिन्यांनी, ८ ऑगस्ट २०२३ला, सीनियर वर्ल्ड कपमध्ये मेलबर्नला जमैकाविरुद्ध बाद फेरीचा सामना. मानुएला वानेगास निलंबित, म्हणून लेफ्ट बॅकला हीच गुझमान. ५१व्या मिनिटाला तिने डावीकडून लांब तिरका पास टाकला, कातालिना उस्मेने तो उतरवून गोल केला. १-०. कोलंबिया इतिहासात पहिल्यांदा महिला वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत.

नवी मुंबईतल्या त्या संध्याकाळनंतर त्या पोरीला कुणी बाजूला टाकलं नाही, उलट वर चढवलं. हे कसं घडतं, आणि ज्या देशात महिलांची लीग वर्षभर चालत नाही तिथे कसं घडतं, यावर चर्चा करूया. या पिढीतली सगळ्यात गाजलेली खेळाडू लिंडा कायसेदो हिच्यावर लिहायला बरेच जण टपले असतील, लिहा, पण फक्त तिच्यावर नको.

---

सायली_नेरूळ

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर वर्ल्ड कप फायनल, त्यामुळे मी होते. आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला, नायजेरिया आणि जर्मनी. नायजेरिया ३-० पुढे, मग ३-३, मग पेनल्टीवर नायजेरिया. तो इतका वेडा सामना झाला की फायनल सुरुवातीला थंड वाटली.

स्पेनच्या मुलींच्या पायातून चेंडू सुटतच नव्हता. कोलंबियाचं सगळं डावीकडून, १८ नंबरकडे द्या आणि पळा. लिंडाला चेंडू मिळाला की आमच्या स्टँडमध्ये आवाज चढायचा, आणि आमच्यापैकी निम्म्यांना तिचं नावही माहीत नव्हतं. शेजारी शाळेच्या मुली आणून बसवल्या होत्या, त्या सरळ "अठरा! अठरा!" ओरडत होत्या.

स्वयंगोल कुणाचा हे तेव्हा मला स्टँडमधून कळलंही नव्हतं. गोलसमोर गोंधळ झाला आणि चेंडू आत. त्याच मुलीने जमैकाविरुद्ध पास दिला हे आज धाग्यावरून कळतंय. तो पास मी टीव्हीवर पाहिला होता की!

---

मडगावकर

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमची आठवण राहिली पाहिजे, नेरूळकरांनी सगळं श्रेय घेऊ नये. :)

दोन्ही उपांत्य सामने आमच्याकडे झाले, २६ ऑक्टोबरला. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी आली होती, तीही २६लाच. बहिणीला सांगितलं, ओवाळायचं तर सकाळी ओवाळ, दुपारनंतर मी फातोर्ड्याला. ती म्हणाली, मग मलाही ने. दोघं गेलो.

नायजेरिया-कोलंबिया सामना तसा रटाळ. ०-०, दोघी एकमेकींना घाबरून. पण शूटआउटने पैसे वसूल केले. गोलरक्षक लुइसा आगुदेलो त्या संघातल्या लहान मुलींपैकी, आणि पेनल्टीच्या वेळी गोलरेषेवर अशी उभी होती की जणू गल्लीत खेळतेय. गोव्यात फुटबॉल बघायला येणारी माणसं जरा शिष्ट, उगाच टाळ्या देत नाहीत. त्या दिवशी दिल्या.

दुसरा सामना स्पेनने जर्मनीला १-० हरवला. कोलंबियाच्या पोरी नवी मुंबईला गेल्या आणि पुढचं वर आलंच आहे.

---

गोलपोस्टमागचा_काका

धागा चांगला, पण मला थोडा पाण्याचा सडा टाकायचा आहे.

कोलंबियाचे वयोगटातले संघ आजच चमकायला लागलेत असं नाही. मुलांचा २० वर्षांखालचा संघ दक्षिण अमेरिकेत तीनदा विजेता आहे: १९८७, २००५, २०१३. २००३च्या यू-२० वर्ल्ड कपमध्ये तिसरे. २०११चा यू-२० वर्ल्ड कप त्यांच्याच देशात झाला, कर्णधार हामेस, घरच्या प्रेक्षकांसमोर उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोकडून १-३. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये चिलीला परत तिसरे. स्पेनला ३-२ हरवलं तेव्हा तिन्ही गोल नेइसेर व्हिल्लारेआलचे. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून ०-१, मग फ्रान्सला १-० हरवून पदक.

म्हणजे तिसरा, तिसरा, आणि मधल्या २२ वर्षांत? १९८७च्या आणि २००५च्या पिढीतले किती जण पुढे टिकले ते बघा. वयोगटातलं यश ही दक्षिण अमेरिकेत फार फसवी गोष्ट आहे. पोरं लवकर पिकतात, बाजार लवकर उचलतो. मुलींच्या बाबतीतही एक असामान्य मुलगी आली, लिंडा, आणि तिच्या जोरावर सगळ्या वयोगटांनी पदकं नेली. त्याला व्यवस्था म्हणायचं का?

---

डावा_विंगर

काका, लिंडाशिवायचा हिशोब मांडतो.

२००८मध्ये मुलींचा पहिलावहिला यू-१७ वर्ल्ड कप न्यूझीलंडला झाला. त्यासाठीची दक्षिण अमेरिकेची पहिली स्पर्धा कोलंबियाने जिंकली, ब्राझीलला मागे टाकून. तेव्हा लिंडा तीन वर्षांची होती. २०१०मध्ये जर्मनीतल्या यू-२० वर्ल्ड कपमध्ये त्या चौथ्या आल्या, योरेली रिंकोनवाला संघ. पुढच्याच वर्षी सीनियर संघ पहिल्यांदा वर्ल्ड कपला, तोही जर्मनीतच, आणि त्यात यू-२०मधल्या मुली भरलेल्या. स्वीडनकडून ०-१, अमेरिकेकडून ०-३, उत्तर कोरियाशी ०-०. एकही गोल नाही. २०१२ला लंडन ऑलिम्पिक, तिथेही एकही गोल नाही. मग २०१५ला कॅनडात मेक्सिकोविरुद्ध दानिएला मोन्तोयाने कोलंबियाचा महिला वर्ल्ड कपमधला पहिला गोल केला आणि पुढच्याच सामन्यात फ्रान्सला २-० हरवलं, लेडी आंद्रादे आणि उस्मे.

या काळात देशात व्यावसायिक लीग होती का? नव्हती. ती आली २०१७ला. म्हणजे २००८ ते २०१५ची सगळी चढण ज्या एका शिडीवरून झाली ती वयोगटातल्या संघांची शिडी होती. शिबिर, दक्षिण अमेरिकेची स्पर्धा, वर्ल्ड कप, परत शिबिर. मुलांना क्लबाची अकादमी असते. मुलींना राष्ट्रीय शिबिर हीच अकादमी.

---

बोगोटाची_मंजिरी

नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं इथे आहोत, म्हणून या धाग्यावर उडी मारते.

डावा_विंगर यांचं बरोबर आहे, पण त्यात कौतुकाचा सूर जास्त झाला. शिबिर हीच अकादमी, कारण बाकी काही नाहीच. २०१७च्या पहिल्या लीगमध्ये १८ संघ होते, सान्ता फे विजेते झाले, बोगोटाच्या एल काम्पिन स्टेडियमवर फायनलला तुडुंब गर्दी. लोकांना वाटलं झालं, आता गाडी रुळावर. मग दर वर्षी तेच. हंगाम काही महिन्यांचा. हंगाम संपला की करार संपला. पुढच्या वर्षी लीग होणार की नाही, कधी होणार, किती संघ असणार, हे त्या वर्षीच ठरणार. त्या मधल्या महिन्यांत खेळाडूंनी काय करायचं? बऱ्याच जणी शिकतात, काही नोकरी करतात, ज्यांना जमतं त्या स्पेन किंवा ब्राझील गाठतात.

अनेक क्लबांनी महिला संघ काढला तो प्रेमाने नाही. कॉन्मेबोलने, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने, २०१९पासून नियमच केला की पुरुषांच्या लिबर्तादोरेसमध्ये, म्हणजे खंडातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळायचं तर महिला संघ हवा. त्यामुळे संघ आहे, पण नियमापुरता.

डिसेंबर २०१८ आठवा. आतलेतिको उइला या छोट्या शहराच्या क्लबच्या बायकांनी महिला लिबर्तादोरेस जिंकली, तीही ब्राझीलच्या मानाउसमध्ये, तिथल्याच सान्तोस क्लबला पेनल्टीवर हरवून. कोलंबियाच्या महिला क्लबला मिळालेलं ते पहिलं लिबर्तादोरेस. त्या संघातल्या रिंकोनने लगेच सांगून टाकलं की बक्षिसाची रक्कम आम्हाला नाही, पुरुषांच्या क्लबकडे जाणार आहे. त्याच महिन्यात दुसऱ्या एका क्लबचे मालक जाहीरपणे म्हणाले की महिला फुटबॉलमधून पैसा मिळत नाही आणि त्याने समलैंगिकता फोफावते. हे खासगीत नाही, पत्रकारांसमोर.

आणि हाच देश तेव्हा २०२३चा महिला वर्ल्ड कप भरवायला मागत होता! जून २०२०च्या मतदानात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला २२ मतं, कोलंबियाला १३. शेवटच्या दोघांत पोचले होते, हेही खरं.

---

अर्धवेळ_रेफरी

मंजिरीताई, २०१९च्या तक्रारींबद्दलही लिहा ना. इथे कुणाला फारसं माहीत नाही.

---

बोगोटाची_मंजिरी

लिहिते. २०१९च्या सुरुवातीला इसाबेला एचेवेरी आणि मेलिसा ओर्तिझ या दोन राष्ट्रीय खेळाडूंनी व्हिडिओ काढून सगळं बाहेर आणलं. भत्ते बंद, विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून, जुने कपडे, आणि बोललं की संघाबाहेर. मोन्तोयाचं उदाहरण समोर होतंच. पहिला वर्ल्ड कप गोल करणारी मुलगी, थकलेल्या पैशांबद्दल उघड बोलली आणि २०१६च्या रिओ ऑलिम्पिकच्या संघात तिचं नाव नव्हतं. "भीती कमी, फुटबॉल जास्त" अशा अर्थाचा हॅशटॅग त्या मोहिमेतून आला.

त्याच सुमारास १७ वर्षांखालच्या संघाच्या तेव्हाच्या प्रशिक्षकावर लैंगिक छळाची तक्रार झाली. म्हणजे ज्या शिडीचं कौतुक वर चाललंय त्याच शिडीवर. पालकांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना ज्या शिबिरात सोडायचं, तिथली ही गोष्ट. शिबिराबाहेर दुसरा रस्ता नसेल तर मुलगी तक्रार करताना दहा वेळा विचार करणार, कारण प्रशिक्षकाने नाव कापलं की खेळच संपला. क्लब बळकट असता, लीग वर्षभर असती, तर एका माणसाच्या हातात एवढं राहिलं नसतं. मला या सगळ्या विषयातला हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा वाटतो आणि काकांच्या "व्यवस्था म्हणायचं का" या प्रश्नाचं माझं उत्तरही यातच आहे. नाही म्हणायचं.

एवढं होऊनही त्याच वर्षी लिमाला पॅन अमेरिकन स्पर्धेत त्यांनी सुवर्ण घेतलं, फायनलमध्ये अर्जेंटिनाला पेनल्टीवर हरवून.

---

गोलपोस्टमागचा_काका

मंजिरी, तुझा प्रतिसाद पटला. माझा आक्षेप वेगळ्या वाटेने आला होता, पण तू जिथे नेलास तिथे मी सहमत आहे. आता लिंडाबद्दल कुणीतरी लिहा, मी मुद्दाम थांबलोय.

---

रंकाळ्याचा_पंखा

लिंडाच्या आधी आमचं ऐका. कोलंबियाच्या मुलांनीही आपल्याकडे वर्ल्ड कप खेळलाय, २०१७चा यू-१७. आणि आपल्याच गटात.

९ ऑक्टोबर २०१७, दिल्ली. ४९व्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोझाने ०-१ केलं. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आणि जॅक्सन सिंगचं हेडर, भारताचा फिफा वर्ल्ड कपमधला पहिला गोल, कुठल्याही वयोगटातला. घरात आम्ही खुर्च्या पाडल्या. खुर्च्या उचलतोय तोवर त्याच पेन्यालोझाने पुढच्या मिनिटाला २-१ केलं. तेवढ्या एका मिनिटावर आपण अजून जगतोय.

आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, त्यामुळे इथल्या पेठापेठांत मोठे पडदे लागले होते. तालमींच्या संघांचं फुटबॉल बघत वाढलेल्या माणसाला वर्ल्ड कपमध्ये आपल्या गावचं पोरगं दिसणं म्हणजे काय, ते शब्दांत नाही सांगता यायचं.

कोलंबियाचं पुढे: नवी मुंबईत अमेरिकेला ३-१ हरवलं आणि बाद फेरीत जर्मनीने ४-० धुतलं. म्हणजे डी. वाय. पाटीलवर कोलंबियाच्या पोरांनी जिंकलं आणि पाच वर्षांनी पोरी फायनल हरल्या. नेरूळकरांनी कोलंबियाला मानद रहिवासी करून टाकावं.

---

सायली_नेरूळ

सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडते. पार्किंग मागू नका म्हणजे झालं.

---

तिसरा_हाफ

लिंडावर मी लिहितो, कारण धाग्यात ती सारखी दाराआड उभी आहे.

जन्म २२ फेब्रुवारी २००५, काली शहराजवळच्या कान्देलारिया भागातला. १४व्या वर्षी अमेरिका दे कालीच्या सीनियर संघातून लीग खेळली आणि त्या वर्षी क्लब विजेता. १५व्या वर्षी अंडाशयाचा कर्करोग. शस्त्रक्रिया, केमोथेरपी. २०२१ला देपोर्तिव्हो कालीकडून परत लीग विजेती.

आता तिचं २०२२ बघा. जुलै: घरच्या मैदानावर कोपा अमेरिका, उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध विजयी गोल, बुकारामांगाच्या फायनलमध्ये ब्राझीलकडून ०-१, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू. ऑगस्ट: कोस्टा रिकात यू-२० वर्ल्ड कप, जर्मनीवर विजय, उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा ब्राझीलकडून ०-१. ऑक्टोबर: भारत, यू-१७, चार गोल. फेब्रुवारी २०२३मध्ये १८ वर्षांची झाल्या झाल्या रेआल माद्रिद. जुलै-ऑगस्ट २०२३: सीनियर वर्ल्ड कप. वर्षभरात तीन वेगवेगळ्या वयोगटांचे तीन वर्ल्ड कप.

सिडनीत जर्मनीविरुद्धचा तिचा गोल शंभरदा पाहिला असेल. दोघींच्या मधून चेंडू काढला आणि वरच्या कोपऱ्यात. मग ८९व्या मिनिटाला जर्मनीच्या पॉपची पेनल्टी, १-१, आणि ९७व्या मिनिटाला वानेगासचं हेडर. पण त्या सामन्याच्या आधी सरावात ती छातीला हात लावून खाली बसली होती, हेही विसरू नका. संघाकडून सांगितलं गेलं की ताण आणि थकवा. आश्चर्य कसलं? कर्करोगातून उठलेल्या मुलीला तुम्ही यू-१७, यू-२० आणि सीनियर, तिन्हीकडे पळवताय.

माझं म्हणणं असं की १७व्या वर्षी सीनियर कोपाची सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या मुलीला तीन महिन्यांनी यू-१७ खेळायला आणणं ही हाव होती. भारतातल्या प्रेक्षकांचं भाग्य, मान्य. तिचं नाही.

---

मडगावकर

तिसरा_हाफ, इथे मी असहमत. तिला विचारलं असतं तर ती आलीच असती. आपल्या वयाच्या मैत्रिणींबरोबर वर्ल्ड कप फायनल खेळण्याची संधी आयुष्यात एकदा येते. आणि ती नसती तर गुझमान, आगुदेलो यांना फायनल मिळाली असती का? एका मोठ्या खेळाडूच्या आधाराने बाकी दहा जणी वर येतात, हाही वयोगटातल्या संघाचा उपयोगच.

---

तिसरा_हाफ

तिला विचारलं असतं तर ती आलीच असती, म्हणूनच तिला विचारायचं नसतं. सतरा वर्षांच्या खेळाडूला थांबवणारा मोठा माणूस लागतो. दुखापत झाली असती तर आपण आज वेगळा धागा वाचत असतो.

---

अर्धवेळ_रेफरी

२०२४चं कुणीच आणलं नाही? त्या वर्षी मुलींचा यू-२० वर्ल्ड कप कोलंबियातच होता, बोगोटा, मेदेयिन, काली. पहिल्यांदाच २४ संघ. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३ ऑगस्टला स्पेनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी, २-० पुढे असताना ९७व्या मिनिटाला स्पेनच्या पारेदेसने २-२ केलं आणि पेनल्टीवर हार. त्याच महिन्याच्या शेवटी यू-२० सुरू, आणि लिंडा त्याही संघात. तिसरा_हाफ यांचा मुद्दा २०२४लाही लागू आहे.

यू-२०मध्ये ऑस्ट्रेलिया २-०, कॅमेरून १-०, मेक्सिको १-०, कोरिया १-०. चार सामने, एकही गोल खाल्ला नाही. मग कालीत नेदरलँड्सशी २-२ आणि शूटआउटमध्ये एकही पेनल्टी आत गेली नाही, ०-३. प्रशिक्षक तेच कार्लोस पानियाग्वा, जे नवी मुंबईत होते. गोलमध्ये आगुदेलो. म्हणजे २०२२चा संघ जवळजवळ तसाच वर सरकला. डावा_विंगर ज्याला शिडी म्हणतायत ती हीच.

एक निरीक्षण. २०२४ला स्पेन, २०२४ला नेदरलँड्स, २०२५ला ब्राझील. तिन्हीकडे पेनल्टीवर गेल्या. अशा मोठ्या सामन्यांत पेनल्टीवर यांचं काहीतरी बिघडतंय.

---

बोगोटाची_मंजिरी

नेदरलँड्सवाला सामना आम्ही शेजाऱ्यांकडे पाहिला. पेनल्टी चुकल्यावर आजोबा टीव्हीला शिव्या देत होते, ज्या मी इथे लिहू शकत नाही. पण महत्त्वाचं हे की आजोबा यू-२० मुलींचा सामना बघत होते. इथे आल्यावर पहिल्यांदा हे चित्र नव्हतं. २०२३नंतर पिवळ्या जर्सीवर "कायसेदो १८" दिसायला लागलं, मुलांच्याही अंगावर.

लीग मात्र अजून तशीच. २०२२च्या कोपा अमेरिकात खेळाडू मुठी वर करून उभ्या राहिल्या होत्या ना, ते त्या वर्षाच्या उत्तरार्धातली लीग रद्द केली म्हणून. घरची कोपा, फायनलपर्यंत मजल, आणि स्पर्धा संपल्यावर देशात खेळणाऱ्या मुलींना खेळायला सामनाच नाही. ज्यांनी ते सोसलं त्यांतल्या बऱ्याच आता बाहेर आहेत. मायरा रामिरेझ जानेवारी २०२४मध्ये लेव्हान्तेकडून चेल्सीला गेली ती तेव्हाच्या महिला फुटबॉलमधल्या विक्रमी रकमेला. गुझमान बायर्नला गेली. लेइसी सान्तोस आतलेतिको माद्रिदहून वॉशिंग्टनला.

गंमत बघा, त्या बाहेर गेल्याने राष्ट्रीय संघ सुधारला आणि त्यामुळे इथल्या मंडळींना लीग सुधारायची घाई उरली नाही. पीक दुसऱ्याच्या शेतात वाढतंय, कापणीला आपण हजर.

---

रंकाळ्याचा_पंखा

मंजिरीताई, शेवटचं वाक्य आपल्या फुटबॉल महासंघाला पाठवा. अर्थात आपलं पीक दुसऱ्याच्या शेतातही नाही. आपल्या २०२२च्या यू-१७ संघात पुण्याची काजोल डिसूझा होती. तिच्याबरोबरच्या मुलींची नावं इथे किती जणांना सांगता येतील? मलाही दोन-तीनच.

---

गोलपोस्टमागचा_काका

मला विचारलंस तर, भारताशी तुलना या धाग्यात नको. ती सुरू झाली की धागा तिथेच बुडतो, अनुभव आहे.

माझा शेवटचा प्रश्न डावा_विंगरला. शिडी आहे, मानलं. २००८ला यू-१७ विजेत्या, २०१०ला चौथ्या, २०२२ला फायनल. पण सीनियर संघाच्या कपाटात कोपा अमेरिका अजून नाही. वरच्या पायरीवर ब्राझील बसलेली आहे आणि ती हलत नाही. शिडीचं काय करायचं?

---

डावा_विंगर

काका, २००८ला यू-१७मध्ये ब्राझीलच्या वर आल्या होत्या, हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहिलं. कितोमध्येही ९६व्या मिनिटापर्यंत कोपा त्यांच्या हातात होता. २०१०ला आणि २०२५ला दोन्हीकडे त्या दुसऱ्या, पण २०१०ला ब्राझीलला त्यांची भीती वाटत नव्हती. आता वाटते. मार्ताला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, यातच आलं.

आणि उपविजेतेपद अगदी पोकळ नाही, त्यातून लॉस एंजेलिस २०२८च्या ऑलिम्पिकची जागा पक्की झाली.

---

गोलपोस्टमागचा_काका

ठीक. २०२७चा वर्ल्ड कप ब्राझीलमध्येच आहे. तिथे ब्राझीलला हरवा, मग मी माझे शब्द मागे घेतो.

---

अर्धवेळ_रेफरी

आधी पात्र तर होऊ द्या काका. यावेळी कोपातून पात्रता नाही, वेगळी नेशन्स लीग आहे. यजमान ब्राझील सोडून नऊ देश, सगळ्यांनी सगळ्यांशी एकेकदा खेळायचं, पहिल्या दोघी थेट जाणार, पुढच्या दोघींना प्ले-ऑफ. ऑक्टोबर २०२५ ते जून २०२६ असा तिचा कार्यक्रम. इथे पेनल्टी शूटआउट नाही, हा कोलंबियाचा फायदाच समजा.